पैसे किती, याआधी ते कसे दाखवायचे ते बघा

शिक्षणासाठी देश निवडताना नवे विद्यार्थी फीची तुलना करतात. पण व्हिसा बरेचदा पैशांच्या पुराव्यावर अडतो आणि त्याची रीत प्रत्येक देशात वेगळी आहे.

ब्रिटन यात फार काटेकोर. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस हवा. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाआधीच्या 31 दिवसांतली हवी. हिशेब पौंडात होतो. रुपया घसरला की बेताची रक्कम अपुरी पडते, म्हणून पाच-सात टक्के जास्तच ठेवा. शेअर, पीएफ चालत नाहीत. आईवडिलांचं खातं चालतं, सोबत जन्मदाखला आणि संमतिपत्र जोडा. मामा-काकांच्या खात्यावर मात्र विसंबू नका.

जर्मनीचं गणित सोपं: ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे 11,904 युरो भरायचे, तिकडे गेल्यावर महिन्याला 992 मिळतात. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, मात्र लवकर मागवा, उशीर तिथेच होतो.

अमेरिकेत ठरावीक दिवसांची अट नाही. विद्यापीठ प्रवेशानंतर देतं त्या आय-20 फॉर्मवरचा पहिल्या वर्षाचा खर्च दाखवायचा, 350 डॉलर सेव्हिस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) व्हिसाच्या मुलाखतीआधी भरायचं. तरीही तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 214(बी) खाली नकार येऊ शकतो, कारण शिकून परत येणार हे पटवून देणं अर्जदाराकडे असतं. मुलाखतीच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम आली असेल, तर ती कुठून आली याचा कागद जवळ ठेवा.