गर्दीत अडखळणारं चित्र आणि व्ह्यूअरची प्रायोगिक आवृत्ती

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात जागा भाड्याने घेऊन मी तिथे आपला रंकाळा तलावातला दगडी संध्यामठ उभा केला आहे. एरवी सगळं ठीक चालतं, पण सकाळी साडेसातला तिथल्या गाण्याच्या कार्यक्रमाला गेले की चित्र अडखळतं. पाऊल आत्ता टाकावं आणि ते नंतर कधीतरी दिसावं, असं होतं. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तिथली एक मैत्रीण म्हणते, व्ह्यूअरची (ते जग पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रामची) प्रायोगिक आवृत्ती टाक, एकदम सुरळीत चालेल. लिंकही पाठवते म्हणाली. टाकू का? माझा मठ तर जाणार नाही ना?
– एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : ताई, आधी मठाची काळजी सोडा. तुम्ही रचलेला एकेक खांब, तुमचे कपडे, तिथलं चलन म्हणजे लिंडन डॉलर, सगळं ते जग चालवणाऱ्या लिंडन लॅब कंपनीच्या सर्व्हरवर असतं. व्ह्यूअर ते मागवून घेतो आणि पडद्यावर रंगवतो, त्यामुळे व्ह्यूअर बदलला म्हणून तिथलं काही पुसलं जात नाही. लॅपटॉपवर असतात त्या तुमच्या सेटिंग्ज आणि साठवल्या असतील तर गप्पांच्या नोंदी. विंडोजच्या अ‍ॅपडेटामधल्या रोमिंगमध्ये सेकंड लाइफचा फोल्डर सापडेल. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि निश्चिंत व्हा.

आवृत्ती जरूर टाका, पण चालू आहे ती काढू नका. इन्स्टॉल करताना फोल्डर विचारला जातो, तिथे वेगळं नाव द्या. मैत्रिणीच्या लिंकवरून मात्र घेऊ नका, ती कितीही भली असली तरी. व्ह्यूअरचा कोड जानेवारी 2007 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. फायरस्टॉर्मसारखे चांगले व्ह्यूअर त्यातूनच आले, पण त्याच कोडवर कोणीही काहीही बनवून वाटू शकतं, आणि तुम्ही त्यात पासवर्ड घालणार आहात. लिंडन लॅबची स्वतःची साइट, नाहीतर तिथल्या यादीतल्या व्ह्यूअरची अधिकृत साइट, एवढ्यावरच थांबा.

आता खरा मुद्दा. नवी आवृत्ती कशावर औषध आहे, हे टाकण्याआधी कळायला हवं. गर्दीत उभ्या असताना चालू नका, ऑल्ट दाबून माउसने नुसता कॅमेरा फिरवा. कॅमेरा तुमच्या लॅपटॉपवरच फिरतो. तो सहज फिरला आणि चालणं मात्र उशिरा दिसलं, तर दोष सर्व्हरचा किंवा नेटच्या लाइनचा. कॅमेराच हिसके देत असेल तर लॅपटॉप दमलाय. मग कंट्रोल-शिफ्ट-1 दाबा, आकड्यांची पट्टी उघडेल. त्यात टाइम डायलेशन (तिथला वेळ किती वेगाने सरकतो, 1 म्हणजे पूर्ण वेग) 1 च्या जवळ आणि सिम एफपीएस (सर्व्हर सेकंदाला किती वेळा ती जागा पुढे सरकवतो) 45 च्या आसपास असेल तर सर्व्हर ठणठणीत आहे. डायलेशन निम्म्यावर आलं असेल तर जगातला कुठलाही व्ह्यूअर तुम्हाला वाचवणार नाही, ती जागाच थकलेली असते. पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) दिसला तर वायफाय सोडून राउटरपासून केबल ओढा. शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात ‘गेम अडकतो’ म्हणून येणाऱ्या कितीतरी लॅपटॉपचं दुखणं एवढ्यावर जातं. पिंगचा (संदेश जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा) आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. कोल्हापूरहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन यायला त्यालाही शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात.

तुमच्या वर्णनावरून मला लॅपटॉपच दमलेला वाटतो. एकट्या असताना ठीक आणि माणसं जमली की हाल, ही त्याची खूण. सेकंड लाइफमधल्या वस्तू तिथल्याच लोकांनी बनवलेल्या असतात, त्यामुळे कारखान्यातून निघालेल्या गेमसारखं आधीपासून काही हलकं करून ठेवलेलं नसतं. प्रत्येकाचे केस, दागिने, शरीराचे तुकडे वेगवेगळे रंगवावे लागतात. ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये पूर्ण तपशिलात दाखवायच्या अवतारांची (तिथल्या माणसांच्या आकृत्यांची) संख्या पाच-सहावर आणा, सावल्या बंद करा, ड्रॉ डिस्टन्स (किती दूरचं रंगवायचं ते अंतर) 256 वरून 64 मीटर करा. अंतर चौथ्या हिश्शावर आलं की क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शावर येतं. गाणं ऐकायला तेवढं पुरे.

यानंतर प्रायोगिक आवृत्तीची परीक्षा घ्या. उद्यमनगरातल्या कारखान्यात पंप गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी टेस्ट बेंचवर चढतो आणि तिथे पाण्याचा आकडा लिहून घेतात, तसं करा. तीच जागा, तीच वेळ, त्याच सेटिंग्ज, आधी जुना व्ह्यूअर, मग नवा, आणि दोन्हींचा एफपीएस (पडद्यावर सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा) वहीत. पहिली काही मिनिटं मोजू नका, टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, उतरत असतात तेव्हा नवा विनाकारण मंद वाटतो. ‘जरा बरं वाटतंय’ यावर विसंबू नका.

आणि नवी म्हणजे वेगवान, हे गृहीत धरू नका. 2022 च्या सुमारास टेक्श्चरचं काम मुख्य थ्रेडवरून (प्रोग्रामच्या कामांच्या मुख्य रांगेतून) बाजूला काढलं गेलं, तेव्हा अनेकांना खरोखर फरक जाणवला. पुढे पीबीआर, म्हणजे प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारं तंत्र, आलं, दगड-धातूवरचा प्रकाश सुंदर झाला, पण जुनी हलकी रंगवण्याची पद्धत काढून टाकली गेली आणि तुमच्यासारख्या लॅपटॉपवर भार वाढला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही म्हणजे चित्रांसाठीची जागाही त्याच 8 जीबीतून जाते.

त्यावरून तुमच्या मठाकडे येतो. तुम्ही चित्रकलेच्या शिक्षिका, म्हणजे दगडाचे फोटो मोठे आणि सुरेख चढवले असणार. 1024 बाय 1024 चं एक टेक्श्चर उलगडलं की मेमरीत सुमारे 4 एमबी घेतं, 512 चं फक्त 1. सगळ्या खांबांना एकच टेक्श्चर लावा, दुरून दिसणाऱ्या छताला 512 चं द्या. मठ बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा लॅपटॉप तुम्हाला दुवा देईल, आणि हे कुठल्याही आवृत्तीशिवाय होतं.

नवा व्ह्यूअर बंद पडला तर नुसता काढून टाकू नका. हेल्पमधल्या अबाउट खिडकीत आवृत्ती आणि ग्राफिक्सची सगळी माहिती एकत्र मिळते, ती रिपोर्ट बगमध्ये चिकटवा आणि तुम्ही काय करत होतात तेव्हा तो पडला ते दोन ओळींत लिहा. साधे लॅपटॉप वापरणाऱ्यांच्या तक्रारी पोचल्या नाहीत तर बनवणाऱ्यांना त्यांचे हाल दिसणार कुठून? तुम्ही लिहिलंत तर मला फार आनंद होईल.

प्रश्न : माइनक्राफ्ट जावा या गेमचा स्नॅपशॉट (पुढच्या आवृत्तीचा चाचणी नमुना) टाकला तर माझा जुना वर्ल्ड त्यात उघडू का?
– एक विद्यार्थी, कागल

उत्तर : तसाच उघडू नकोस. वरच्या ताईंचं जग सर्व्हरवर आहे, तुझं तुझ्याच डिस्कवर. स्नॅपशॉटमध्ये उघडलेला वर्ल्ड नव्या रचनेत बदलतो आणि पुन्हा जुन्या आवृत्तीत धड उघडेल याची खात्री नसते. सेव्ह्‌ज फोल्डरमधून वर्ल्डची प्रत काढ, लाँचरमध्ये स्नॅपशॉटसाठी वेगळं इन्स्टॉलेशन बनव, त्याला वेगळा गेम फोल्डर दे आणि ती प्रत तिथे टाकून खेळ.