दहा गोळ्या की पंधरा? रायफल-बंदीविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील काही राज्यांनी अर्धस्वयंचलित रायफली आणि त्यांची मोठी मॅगझिने (गोळ्यांच्या डब्या) यांवर घातलेल्या निर्बंधांविषयी गेल्या अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर पुणे आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा कोलोरॅडो राज्यात राहतो. तेथे २०२५ साली रायफलींबाबत नवा कायदा झाला, पण शेजारच्या वायोमिंगमध्ये तसे काहीच नाही, असे तो सांगतो. एकाच देशात असे कसे चालते? शिवाय ‘अर्धस्वयंचलित’ म्हणजे नेमके काय?
— एक वाचक, कोथरूड

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण या वादातला निम्मा गोंधळ तेथेच सुरू होतो. आपल्याकडे पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षे दिसणारी एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) ही अर्धस्वयंचलित रायफल आहे. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. त्या गोळीमागच्या वायूचा दाब रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत चढवतो. पुन्हा गोळी झाडायची तर बोट सैल करून चाप पुन्हा ओढावा लागतो. त्याआधीच्या .३०३ रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागत असे. मुंबईत २६/११ च्या रात्री दहशतवाद्यांनी वापरलेल्या एके जातीच्या रायफली या दोहोंहून वेगळ्या होत्या, कारण चाप दाबून धरला तर त्या मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या झाडत राहू शकतात. अशा पूर्ण स्वयंचलित शस्त्रांवर अमेरिकेत १९३४ पासून कडक संघीय नियंत्रण आहे, आणि १९८६ नंतर तयार झालेले असे शस्त्र सामान्य नागरिकाला विकत घेता येत नाही. राज्याराज्यांतला सध्याचा वाद अर्धस्वयंचलित रायफलींचा, मुख्यतः एआर-१५ या घराण्यातील रायफलींचा आहे. बातम्यांमध्ये या दोन्ही प्रकारांची सर्रास सरमिसळ होते, आणि त्यामुळे बंदीचे समर्थक व विरोधक दोघेही एकमेकांना अडाणी ठरवायला मोकळे होतात.

आता राज्यांविषयी. अमेरिकेत सार्वजनिक सुरक्षेचे कायदे करण्याचा मूळ अधिकार राज्यांकडे आहे. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील एका प्राथमिक शाळेत गोळीबार होऊन पाच मुले मृत्युमुखी पडली आणि त्याच वर्षी त्या राज्याने देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा केला. १३ सप्टेंबर १९९४ रोजी संघीय बंदी आली. तिने ठरावीक जातीच्या नव्याने बनवलेल्या रायफलींची विक्री आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिने थांबवली, परंतु तिची मुदत दहाच वर्षांची होती. २००४ मध्ये ती संपली आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ती वाढवली नाही, तेव्हा प्रश्न पुन्हा राज्यांच्या हाती आला. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या सँडी हुक शाळेत वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. त्यानंतर न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मेरीलँड यांनी आपले कायदे कडक केले. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बंदी आणली.

कोणती रायफल बंद करायची हे ठरवण्याची रीत मात्र अनेक ठिकाणी विचित्र आहे. १९९४ च्या कायद्याने काही रायफली नावानिशी बंद केल्या आणि बाकीच्यांसाठी लक्षणांची यादी दिली. त्या यादीत पिस्तुलासारखी मूठ, दुमडता येणारा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग), नळीच्या तोंडाशी ज्वाला झाकणारा भाग, संगीन बसवण्याची खाच अशी लक्षणे होती. मॅगझिन काढता-घालता येत असेल आणि यांतली दोन लक्षणे असतील, तर रायफल बंद. उत्पादकांनी संगीनीची खाच आणि ज्वाला झाकणारा भाग काढून टाकला आणि तीच यंत्रणा, त्याच काडतुसांसह, पुन्हा दुकानात ठेवली. संगीन लावून कोणी शाळेवर हल्ला केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. पुढे कॅलिफोर्नियाने दोनाऐवजी एकच लक्षण पुरेसे मानले, तेव्हा मुठीला पंखासारखा तुकडा जोडून ती ‘मूठ’ राहणार नाही अशी व्यवस्था असलेल्या रायफली बाजारात आल्या. रूपावर आधारलेली व्याख्या ही या कायद्यांची सर्वांत दुबळी बाजू आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि बंदीच्या समर्थकांनी ते मोकळेपणाने मान्य केले तर वाद बराच पुढे सरकेल.

आपल्या चिरंजीवांच्या कोलोरॅडोने दुसरी वाट धरली आहे. तेथे २०१३ पासून मॅगझिनला पंधरा गोळ्यांची मर्यादा आहे. २०२५ च्या कायद्यानुसार काढता येणारे मॅगझिन असलेल्या बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली ऑगस्ट २०२६ पासून विकत घेण्यासाठी आधी प्रशिक्षण आणि पात्रतेची नोंद आवश्यक ठरते. कमी ताकदीच्या .२२ रिमफायर रायफली यातून वगळल्या आहेत. येथे मुठीचा आकार न पाहता यंत्रणाच पाहिलेली आहे, आणि सरसकट बंदीऐवजी विकत घेणाऱ्याची पारख करण्यावर भर आहे. कायदा म्हणून ही रचना आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. सराव असलेला जवान दोन-तीन सेकंदांत मॅगझिन बदलतो. मग तीस गोळ्यांचे मॅगझिन बंद करून दहाची तीन मॅगझिने बाळगू दिली, तर काय साधते?
— एक निवृत्त सुभेदार, वानवडी

जवानाबाबत आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. पण ही मर्यादा घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रशिक्षित जवान नसतो. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टुसॉन येथे खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत एका तरुणाने पिस्तुलातून गोळीबार केला आणि सहा जण मारले गेले. त्याच्या पिस्तुलाला तेहतीस गोळ्यांचे मॅगझिन होते. ते रिकामे झाल्यावर तो दुसरे मॅगझिन चढवण्याच्या प्रयत्नात असताना आसपासच्या लोकांनी त्याला जमिनीवर पाडले. हे मॅगझिन दहाचे असते तर ती संधी तेवीस गोळ्या आधी आली असती. मर्यादेच्या बाजूचा हा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे. हे शस्त्र रायफल नव्हते, हेही लक्षात घ्यावे. मॅगझिनवरील मर्यादा पिस्तुलांनाही लागू होते आणि अमेरिकेतील बंदुकीने होणाऱ्या हत्यांपैकी बहुसंख्य हत्या पिस्तुलांनी होतात, रायफलींचा वाटा लहान आहे. म्हणूनच रायफलींच्या लक्षणांवर खल करण्यापेक्षा मॅगझिनचा विचार करणे आम्हाला जास्त सयुक्तिक वाटते.

तरीही विरोधकांचे मुद्दे फुटकळ नाहीत. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बत्तीस जणांना मारणाऱ्याकडे दोन साधी पिस्तुले होती आणि तो मॅगझिने बदलत राहिला. त्या बंद वर्गांमध्ये त्याला अडवणे कोणाला शक्य झाले नाही. दुसरे असे की, मर्यादेचा आकडा कशावरून ठरवला याचे उत्तर कोणाकडेही नाही. कॅलिफोर्नियात दहा, कोलोरॅडोत पंधरा, डेलावेअरमध्ये सतरा, आणि इलिनॉयमध्ये रायफलीला दहा व पिस्तुलाला पंधरा. न्यूयॉर्कने तर २०१३ मध्ये दहाच्या मॅगझिनमध्ये सातच गोळ्या भरण्याची सक्ती केली होती. न्यायालयाने ती रद्द केली आणि दहाची मर्यादा तेवढी राखली. तिसरा मुद्दा साठ्याचा. मार्च २०१९ अखेर एका न्यायाधीशाने कॅलिफोर्नियातील मॅगझिन-बंदी रद्द ठरवली. त्या निकालाला स्थगिती मिळेपर्यंतच्या सुमारे एका आठवड्यात लोकांनी मोठी मॅगझिने अक्षरशः हातोहात उचलली. मॅगझिन म्हणजे एक डबी आणि एक स्प्रिंग. तिच्यावर नोंदणी क्रमांक नसतो, त्यामुळे ती बंदीआधीची की नंतरची हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. तेव्हा आपल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, या मर्यादेने काही प्रसंगांत काही जीव वाचू शकतात, पण ती लागू होण्याआधी विकल्या गेलेल्या मालापुढे तिचे फारसे चालत नाही.

प्रश्न : अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, तर हे कायदे न्यायालयात टिकतात कसे?
— विधी शाखेची एक विद्यार्थिनी, डेक्कन परिसर

सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर निकालात हा हक्क व्यक्तीचा मानला आणि २०१० मध्ये तो राज्यांवरही बंधनकारक केला. मात्र हेलर निकालातच असे म्हटले आहे की, हा हक्क सर्वसाधारण वापरातील शस्त्रांपुरता आहे आणि ‘धोकादायक व असाधारण’ शस्त्रांवर बंदी घालण्याची परंपरा जुनी आहे. सगळा झगडा या दोन कसोट्यांमध्ये आहे. विरोधक म्हणतात, एआर-१५ जातीच्या दोन ते तीन कोटी रायफली लोकांच्या घरी असताना त्या असाधारण कशा? समर्थक म्हणतात, खप वाढला म्हणून शस्त्राला घटनेचे संरक्षण मिळत असेल, तर कायदेमंडळाने विक्री वाढण्याआधीच बंदी घातली पाहिजे, असा उफराटा अर्थ त्यातून निघतो. हे उत्तर तर्काला धरून आहे.

जून २०२२ च्या ब्रुएन निकालाने एक नवी अट घातली. निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे आणि ते सरकारने दाखवून द्यायचे. तेव्हापासून राज्यांचे वकील अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले बंदुकीच्या दारूच्या साठ्याचे आणि बोवी सुऱ्यांचे (लांब पात्याच्या लढाऊ सुऱ्यांचे) नियम शोधून काढू लागले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये चौथ्या सर्किटच्या (मेरीलँड ज्यात येते त्या विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने मेरीलँडची बंदी उचलून धरली, आणि २ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाविरुद्धचे अपील ऐकण्यास नकार दिला. तीन न्यायमूर्तींना ते ऐकायचे होते, तर न्या. कॅव्हनॉ यांनी नकाराशी सहमती दर्शवतानाच हा प्रश्न एक-दोन सत्रांत न्यायालयाने हाती घ्यावा, असे लिहून ठेवले. अपील ऐकण्यास नकार म्हणजे कायदा घटनात्मक असल्याचा निर्वाळा नव्हे, हे आपल्याला परीक्षेतही उपयोगी पडेल.

प्रश्न : माझी मुलगी बालेवाडीत रायफल नेमबाजीचा सराव करते. असे कायदे खेळाला मारक ठरत नाहीत का?
— एक पालक, बाणेर

ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांना नाही. स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातील .२२ रायफलीत एका वेळी एकच काडतूस भरतात. २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलातही पाच-पाच गोळ्यांच्याच फैरी असतात. अमेरिकेत लष्करी बनावटीच्या रायफलींच्या वेगळ्या स्पर्धा भरतात. अडचण येते ती त्या स्पर्धकांना.

प्रश्न : आमच्या घरात आजोबांपासूनची बाराबोर बंदूक आणि आणखी दोन परवानाधारक शस्त्रे होती. कायदा बदलल्यावर त्यांतले एक सोडावे लागले. आपल्या घटनेत अमेरिकेसारखा हक्क का नाही?
— एक शेतकरी, भोर तालुका

हा हक्क कोणी मागितलाच नव्हता, असे नाही. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्याविरुद्ध आपल्या राष्ट्रीय काँग्रेसने सुरुवातीच्या वर्षांपासून ठराव केले होते, आणि १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांमध्ये नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवलेला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली, परंतु डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. घटनेतील मूलभूत हक्कांमध्ये आज शस्त्रांचा उल्लेख येतो तो अनुच्छेद १९ मध्ये, आणि तोही ‘शांततेने व विनाशस्त्र’ एकत्र जमण्याच्या हक्कापुरता.

त्यामुळे आपल्याकडे परवाना ही सरकारने दिलेली मुभा ठरते. पिस्तुले सोडली तर अर्धस्वयंचलित शस्त्रे सर्वसाधारणपणे प्रतिबंधित वर्गात येतात आणि त्यांचा परवाना केंद्र सरकारच देऊ शकते. म्हणून आपल्याकडे मॅगझिन दहाचे की पंधराचे हा वाद उभाच राहिला नाही. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, वारसाने आलेली शस्त्रेही त्यात मोजली, आणि तिसरे शस्त्र एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला सांगितले. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी बंदीआधी घेतलेल्या रायफली मालकांकडे राहू दिल्या. आपल्या संसदेने तशी सवलत दिली नाही. वडिलोपार्जित बंदुकांसाठी काही वेगळी तरतूद असायला हवी होती, ही आपली तक्रार आम्हाला रास्त वाटते. ही मर्यादा मात्र व्यक्तीगणिक आहे, कुटुंबागणिक नाही. घरातील एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या दुसऱ्या सदस्याला शेती आणि पीकरक्षणाच्या कारणासाठी स्वतंत्र परवान्याचा अर्ज करता येतो. ग्रामीण भागासाठी तो जिल्हाधिकारी कार्यालयात करावा. परवान्याची मुदत याच दुरुस्तीने तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.