संधिप्रकाशात हरणावर गोळी झाडावी का?

दिवस मावळताना झाडीच्या कडेला हरीण दिसलं तर गोळी झाडावी का, असं तुम्ही विचारलंय. त्याच्या पुढच्या पायामागची नेम धरायची जागा आणि गोळी आरपार गेली तर जिथे लागेल ती पलीकडची जमीन, दोन्ही स्वच्छ दिसत नसतील तर झाडू नका. अंधुक उजेडात डोळ्यातल्या शंकू पेशी (भरपूर उजेडात बारकावे टिपणाऱ्या) कमी पडतात आणि दंड पेशींवर (मंद उजेडात काम करणाऱ्या) भिस्त राहते, पण नजरेच्या नेमक्या मध्यावर दंड पेशी नसतातच. म्हणून रोखून पाहिलं की कडा विरघळतात आणि उरलेलं चित्र मन आपल्या सोयीने भरतं: वाळकी फांदी शिंग वाटते, मागे उभी असलेली दुसरी मादी दिसतच नाही. ओळख हातातल्या दुर्बिणीने पटवा. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून शोधायला लागलात की नळी अनोळखी आकृतीवर रोखली जाते, आणि तो माणूसही असू शकतो! ओळख पटल्यावर बंदुकीवरच्या दुर्बिणीत चित्र जितक्या पट मोठं दिसतं, ते पट कमी करा. ४० मिमी भिंगातून ९ पटीला ४.४ मिमी रुंदीचा प्रकाश डोळ्यात येतो, ६ पटीला ६.७ मिमी, म्हणजे चित्र बरंच उजळतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला मुभा असते, पण ती कायद्याची मर्यादा झाली. आभाळ भरलेलं असेल तर दाट झाडीत नजर त्याच्या कितीतरी आधी हरते. शिवाय नेम जरासा चुकला तर जखमी जनावराचा रक्ताचा माग टॉर्चच्या उजेडात, ओल्या पाचोळ्यातून काढावा लागतो, आणि तो बरेचदा मध्येच हरवतो.