दिंडीच्या सेवेला पहिल्यांदा येताना

बाळा, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. त्याआधी दिंड्या नाशकातून जातात. यंदा पंचवटीत सेवेला येतोस ना? मग वाढपी होऊन मिरवू नकोस, आधी पिठल्याची पातेली घास. करपलेला थर खरवडताना कुणी बघत नाही, फोटोही निघत नाही. मन कुरकुरलं की समजायचं, फळावर डोळा आहे. माझाही होता, पहिल्या वर्षी सत्काराच्या यादीत नाव नाही म्हणून दोन दिवस फुगून बसलो होतो! गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोक, ‘कर्मण्येवाधिकारस्ते’, म्हणजे काम कर, फळावर हक्क सांगू नको, सगळ्यांना पाठ, पण शेवटचा तुकडा विसरतात: अकर्माचीही, म्हणजे काम न करण्याचीही, ओढ नको. ‘मला काही नको’ म्हणत कामात ढिलाई चालणार नाही. नोकरी मात्र सांभाळ हं. घर चालवणं म्हणजे स्वार्थ नव्हे. आणि जुना सदरा घाल, काजळी निघत नाही.