आधी वजन, मग उंची : सस्पेन्शनविषयी वाचकांचे प्रश्न

खडतर वाटांवर चालणाऱ्या गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये घरच्या घरी बदल करण्याविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या स्वरूपात विचारलेला असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी दहा वर्षे जुनी आहे. पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असून दोन्ही एक्सल अखंड आहेत, म्हणजे डावे-उजवे चाक एकाच आडव्या कण्याने जोडलेले आहे. सामान भरले की मागची बाजू खाली बसते, आणि मोठ्या खड्ड्यातून बाहेर पडल्यावर गाडी दोन-तीन वेळा डोलते. ५० मिलिमीटर उंची वाढवणारा संच आणून सुट्टीत स्वतः बसवण्याचा विचार आहे. कोणता संच घ्यावा?

उत्तर : आपल्या पत्रात तक्रारी दोन आहेत आणि मागणी मात्र तिसरीच आहे. मागची बाजू बसणे ही पाट्यांची तक्रार आहे, डोलत राहणे ही शॉकअबची (शॉक अ‍ॅब्सॉर्बरची) तक्रार आहे, आणि ५० मिलिमीटर उंची हा या दोहोंपैकी कशावरचाही उपाय नाही. शिवाय आपल्या गाडीचे एक्सल अखंड असल्यामुळे सस्पेन्शन कितीही उंच केले तरी डिफरन्शियलचा गोळा (एक्सलच्या मधला, चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरचा फुगीर भाग) जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर जाते, त्यामुळे चढाला भिडताना पुढचा बंपर आणि उंचवट्यावरून जाताना गाडीचे पोट घासत नाही, हा खरा फायदा आहे. परंतु दगडावर आपटणारा गोळा वर उचलायचा असेल, तर टायरचा व्यास वाढवण्यावाचून मार्ग नाही, आणि तोही व्यासातील वाढीच्या निम्म्यानेच उचलला जातो.

उंचीची किंमतही मोजावी लागते. चाकांमधील आडवे अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिमी उंचीवर आहे असे धरले, तर त्या अंतराला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागून १.०७ हा आकडा मिळतो. वरचे अंग ५० मिमी उचलल्यावर गुरुत्वमध्य साधारण ७४५ मिमीवर जातो आणि तोच आकडा १.०१ होतो. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर किंवा आडव्या उतारावर कलंडण्यास सोपी. छतावर सामान बांधणाऱ्याने तर हा हिशेब कधीच विसरू नये.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, कोणताही संच मागवण्यापूर्वी गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या व मागच्या एक्सलवरचे वजन वेगवेगळे घ्यावे. एकदा रिकाम्या गाडीचे आणि एकदा प्रवासाला निघताना असते तशा भरलेल्या गाडीचे. समजा, मागच्या एक्सलवर १६० किलो वाढतात आणि प्रत्येक पाट्याचा ताठरपणा मिलिमीटरला ४ किलो आहे. मग प्रत्येक बाजूवर ८० किलो येऊन पाटा २० मिमी दबणार, हे उघड आहे. आपली गाडी याहून खूप अधिक बसत असेल तर पाटे थकले आहेत, आणि मूळच्याच ताठरपणाचे नवे पाटे बसवून काम भागेल. नेमकी इतकीच बसत असेल तर पाटे निकोप आहेत. मग विचार करायचा तो एवढाच, की वाढीव वजन कायमचे आहे की वर्षातून चार वेळा येणारे आहे. पोलादी बंपर, विंच किंवा मोठी टाकी असे कायमचे वजन असेल तरच ताठर पाटे घ्यावेत. अधूनमधून भरणाऱ्या सामानासाठी ताठर पाटे घातले, तर वर्षातील उरलेले सगळे दिवस रिकामी गाडी हादरत राहते आणि खडबडीत चढावर चाक जमिनीला धरून न राहता उड्या मारते. ज्या पकडीसाठी हा खटाटोप केला, ती पकडच हातची जाते.

पुढच्या कॉइल स्प्रिंगबाबत एक गोष्ट ठाऊक असावी. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. वेढ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून तार केवळ दहा टक्के जाड केली, तरी स्प्रिंग सुमारे ४६ टक्के ताठर होते. दोन स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक जाणवणारही नाही. म्हणून खोक्यावरच्या ‘मध्यम’ आणि ‘जड’ अशा शब्दांवर विसंबू नये आणि विक्रेत्याकडून ताठरपणाचा आकडा मागून घ्यावा. जो विक्रेता आकडा देऊ शकत नाही, त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शॉकअब. स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअब तिचे हेलकावे थांबवतो. हालचालीतील ऊर्जा तेलातून उष्णतेत बदलून बाहेर टाकणे हेच त्याचे काम. आपली गाडी दोन-तीन वेळा डोलते, म्हणजे हे काम थांबले आहे. शॉकअब मोनोट्यूब घ्यावा की ट्विनट्यूब, हा प्रश्न आपण विचारलेला नसला तरी दुकानात तो पुढे येईलच. मोनोट्यूबमध्ये तेलाची नळी थेट हवेच्या संपर्कात असल्याने ती लवकर थंड होते, आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगळ्या पिस्टनआड असल्याने तेलाचा फेस होत नाही; लांबच लांब खडबडीत रस्त्यावर हा मोठा गुण आहे. पण त्याच नळीच्या आतून पिस्टन फिरत असल्यामुळे बाहेरून दगड लागून पोचा पडला, तर पिस्टन तेथेच अडकतो. ट्विनट्यूबला बाहेरची दुसरी नळी असल्याने ती असा लहानसहान मार सोसते. दगडगोट्यांच्या ओढ्यांतून सावकाश जाणाऱ्याला चांगला ट्विनट्यूब पुरेसा असतो.

आपल्यासाठी क्रम असा ठरतो : प्रथम वजन, नंतर मूळ लांबीचे चार नवे शॉकअब आणि पाट्यांचे बुश (सांध्यांत बसणाऱ्या रबरी नळ्या), आणि त्यानंतर गरज उरलीच तर पाटे. उंची वाढवायचीच असेल, तर शॉकअबची पूर्ण उघडलेली आणि पूर्ण मिटलेली अशी दोन्ही मापे नव्या उंचीशी जुळली पाहिजेत. केवळ लांब शॉकअब घेतला आणि रबरी बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारा ठोकळा) होता तेवढाच ठेवला, तर मोठ्या धक्क्यात बंप स्टॉप टेकण्यापूर्वीच शॉकअब आतून आपटतो व फुटतो.

प्रश्न : पुढची स्प्रिंग काढण्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे अवजार) भाड्याने आणून घरी वापरणे सुरक्षित आहे का?

उत्तर : गाडीची रचना कोणती, यावर हे अवलंबून आहे. अखंड एक्सलच्या बहुतेक गाड्यांत शॉकअब सोडवून एक्सल सावकाश खाली उतरवला की स्प्रिंग सैल होऊन हाताने निघते, तेथे कॉम्प्रेसरची गरजच पडत नाही. स्ट्रट असलेल्या गाडीत मात्र स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत शॉकअबभोवती अडकवलेली असते आणि खरा धोका तेथेच आहे. मिलिमीटरला ३ किलो ताठरपणाची स्प्रिंग १५० मिमी दाबली, की तिच्यात ४५० किलोचा जोर असतो आणि साठलेली ऊर्जा ३४ किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे एवढी असते. हुकांचा कॉम्प्रेसर एका बाजूने घसरला तर ती सगळी एका क्षणात सुटते. ज्यांनी हे काम जाणकाराच्या शेजारी उभे राहून एकदाही केलेले नाही, त्यांनी स्ट्रट पूर्णच्या पूर्ण काढून कार्यशाळेत न्यावा, तेथे स्प्रिंग बदलून घ्यावी आणि बाकीची जोडणी घरी करावी. यात कमीपणा काहीच नाही.

गाडीखाली जाण्याविषयीचे नियम सर्वांना सारखेच आहेत. जमीन सपाट व पक्की असावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, चॅसी जॅकस्टँडवर टेकवावी आणि जॅक केवळ एक्सल वर-खाली करण्यासाठी वापरावा. जॅकचे एक सील फाटले की तो कोणतीही सूचना न देता खाली बसतो. स्टँडवर टेकवल्यावर गाडीला हाताने जोरात हलवून पाहावे. हलायची असेल तर ती आपण बाहेर असताना हलू द्यावी. एक्सल खाली उतरवताना ब्रेकचा होज, एबीएसची तार आणि एक्सलची ब्रीदर नळी (आतली हवा बाहेर सोडणारी) यांच्यावर सतत लक्ष असावे, आणि ब्रेक कॅलिपर होजवर कधीही लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा.

प्रश्न : मागचे पाटे आणि बुश मी स्वतः बदलले. सर्व बोल्ट सांगितलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळले होते, तरी सहा महिन्यांत बुश फाटले. बुश निकृष्ट होते का?

उत्तर : बुश चांगले असण्याचीच शक्यता अधिक आहे. आपण बोल्ट कोणत्या अवस्थेत आवळले, हे पत्रात नाही. पण गाडी स्टँडवर आणि एक्सल खाली लोंबत असताना आवळले असावेत, असा माझा कयास आहे. रबरी बुशची आतली पोलादी नळी बोल्ट आवळताच जागच्या जागी पक्की धरली जाते, आणि त्यानंतरची सगळी हालचाल रबराला पीळ पडूनच होते. लोंबत्या अवस्थेत आवळलेला बुश, गाडी चाकांवर उभी राहताच, कायमचा पिळलेला राहतो. पुढचा प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. मी पहिल्यांदा पाटे बदलले तेव्हा हीच चूक केली होती, आणि फाटलेले रबर हातात घेतल्यावर त्यावरच्या तिरप्या चिरांनी कारण सांगितले.

म्हणून नवे बुश घातल्यावर पाट्याच्या डोळ्यांतील (टोकांच्या गोल वेटोळ्यांतील) आणि शॅकलचे (पाट्याचे एक टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बोल्ट आधी केवळ हातघट्ट ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढे-मागे ढकलून व दाबून बसू द्यावी, आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचे आवळावे. कंट्रोल आर्म (चाक किंवा एक्सल चॅसीला जोडणारी भुजा) आणि पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) यांच्या रबरी बुशनाही हाच नियम लागू आहे. एक्सल पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र एकदा ताणून बसलेले असल्यामुळे काढल्यावर पुन्हा वापरू नयेत, नवे घालावेत, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासावा, कारण पाट्यांची चळत दबून बसते आणि बोल्ट सैल पडतात. सैल यू-बोल्टमुळे पाट्यांची चळत एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटतो व एक्सल जागेवरून सरकतो.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, असेही आपण विचारले आहे. ते टिकाऊ असतात, पण ताठर असतात आणि त्यांना ठरलेले ग्रीस लावावेच लागते. चाके वर-खाली मोकळी फिरावीत असे वाटत असेल, तर रबरच बरे.

प्रश्न : ५० मिमी उंची वाढवल्यापासून स्टीअरिंग सरळ राहत नाही आणि वळणानंतर आपोआप परतत नाही. मागचे ब्रेकही पूर्वीपेक्षा कमी लागतात असे वाटते. गाडीला पुढे रेडियस आर्म आहेत.

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारी उंचीतूनच आलेल्या आहेत. रेडियस आर्म, म्हणजे एक्सलपासून चॅसीपर्यंत जाणारी लांब भुजा, एक्सलला पक्का धरतो, त्यामुळे चॅसी वर गेली की आर्म कलतो आणि त्याच्याबरोबर एक्सलही फिरतो. आर्म ९०० मिमी लांब असेल तर ५० मिमी उंचीला तो तीन अंशांहून थोडा अधिक कलतो, आणि तेवढाच कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मुळात कॅस्टर तीन-चार अंशच असेल तर जवळजवळ सगळाच संपला. चाकाला सरळ रेषेत परत आणण्याचे काम कॅस्टरचे असल्यामुळे गाडी भरकटू लागते. अलाइनमेंट करून कॅस्टर मोजून घ्यावा आणि मध्यापासून सरकवलेल्या छिद्रांचे बुश किंवा सुधारित आर्म बसवावेत. पॅनहार्ड रॉडही तपासावा : तो मूळचाच तिरका असेल तर ५० मिमी उंचीने एक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो, म्हणून लांबी बदलता येणारा रॉड लागतो. रॉडचे टोक खाली-वर हलवायचे ठरवले, तर तो स्टीअरिंगच्या ड्रॅग लिंकशी (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीशी) समांतरच राहिला पाहिजे, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग हाताला ओढेल.

ब्रेकची बाब अधिक तातडीची आहे. पुष्कळ गाड्यांत मागच्या एक्सल आणि चॅसी यांना जोडणारा भारानुसार चालणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. चॅसी एक्सलपासून दूर असेल तर गाडी रिकामी आहे असे धरून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. आपण चॅसी कायमचीच दूर नेली आहे, त्यामुळे भरलेल्या गाडीलाही तो रिकामीच समजत आहे. व्हॉल्व्हची दांडी अंदाजाने वाकवू किंवा बांधू नये, कारण दाब प्रमाणाबाहेर वाढला तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकून गाडी फिरते. निर्मात्याच्या सेवापुस्तिकेतील मापानुसार किंवा त्या उंचीसाठी बनवलेल्या ब्रॅकेटने तो दुरुस्त करून घ्यावा, आणि तोवर गाडी भरून प्रवासाला नेऊ नये. त्याच वेळी मागच्या होजची लांबी एक्सल पूर्ण लोंबत असताना पाहावी आणि हेडलाइटचा झोतही खाली आणावा. एवढा बदल आपल्या गाडीची नोंदणी आणि विमा यांच्या अटींत बसतो का, हेही विचारून घ्यावे.

प्रश्न : पुढच्या टॉर्शन बारचे बोल्ट फिरवून ४० मिमी उंची फुकट मिळते असे ऐकले आहे. करावे का?

उत्तर : उंची मिळते, पण फुकट नाही. टॉर्शन बार ही पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी. बोल्ट फिरवल्याने बारचा ताठरपणा वाढत नाही, त्याची सुरुवातीची जागा तेवढी बदलते. चाकाला वर ९० आणि खाली ९० मिमी हालचाल असेल, तर ४० मिमी उचलल्यावर खालची हालचाल केवळ ५० मिमी उरते. चाक खड्ड्यात उतरण्याआधीच आर्म खालच्या हालचालीच्या थांब्याला आपटतो, आणि सीव्ही जॉइंट (चाकाला शक्ती पोचवणारा वळता सांधा) अधिक तिरका चालून त्याचे रबरी बूट व बेअरिंग लवकर जातात. वय झालेला बार खाली बसला असेल, तर मूळ उंचीपर्यंत आणण्यापुरता बोल्ट अवश्य फिरवावा, त्यापुढे नाही. मोजमाप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत करावे, दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवावेत, आणि बोल्ट फिरवण्यापूर्वी चाके जमिनीवरून उचलून बारवरचा भार कमी करावा, अन्यथा बोल्टचे आटे जातात.