व्हिजिट फुकट आणि पंप मात्र नवा: दुरुस्तीच्या धंद्यात सूट कुठे द्यावी

तुमची अडचण थोडक्यात अशी: सोलापुरात घरोघरी जाऊन कूलर, फॅन, मिक्सर दुरुस्त करता. ओळखीच्यांकडून, म्हाताऱ्या माणसांकडून व्हिजिटचे पैसे घेववत नाहीत. एप्रिल-मे मरमर काम करूनही जूनमध्ये खिशात काही उरत नाही.

नफ्याचं नंतर बघू. आधी तासाचा भाव काढा. समजा घरखर्च 18,000, दुकानभाडं 4,000, पेट्रोल 2,500, मोबाइल-लाइट-हत्यारं 1,500 आणि पावसाळा-थंडीतल्या मंदीसाठी बाजूला 4,000. झाले 30,000. आकडे तुमचे घाला. महिन्याचे 26 दिवस आठ-आठ तास राबलात तरी पैसे मिळवून देणारे तास पाचच असतात; बाकीचे पार्ट आणण्यात, फोनवर आणि वाट बघण्यात जातात. म्हणजे 130 तास, तासाला साधारण 230 रुपये. आता अशोक चौकातून जुळे सोलापूरला जायला-यायला चाळीस मिनिटं आणि फॅनचा कपॅसिटर बदलायला पंधरा. हे काम 210 रुपयांचं झालं, कपॅसिटरची किंमत वेगळी. ते शंभरात केलंत तर 110 रुपयांची देणगी दिलीत, फक्त ती कुठे लिहिली नाहीत.

फुकट व्हिजिटचा खरा तोटा मात्र वेगळाच आहे. येण्याचे पैसे न घेणाऱ्याला पार्ट विकल्याशिवाय परवडत नाही. कूलरच्या पंपाचंच घ्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून कूलरमध्ये बोअरचं जड पाणी पडतं आणि क्षार पंपात बसतात. पंप नुसता गुणगुणतो, पाणी वर चढत नाही. अशा वेळी प्लग काढून पंप बाहेर घ्या, जाळी आणि पुढचं झाकण उघडा. आतली पाती बोटाने फिरत नसेल आणि पांढरा थर दिसत असेल तर बहुतेक वेळा कॉइल शाबूत असते. पाती आणि झाकण अर्धं व्हिनेगर-अर्धं पाणी करून त्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. ब्लेडने खरवडू नका. चरे पडले की थर तिथेच लवकर धरतो. मल्टिमीटरवर प्लगच्या दोन पिनांमध्ये काहीच दाखवत नसेल तर आधी वायर कुठे तुटली आहे का ते बघा, मगच पंप गेला म्हणा.

गिऱ्हाईकाचा नवा पंप वाचला, हीच मोठी मदत झाली. पण व्हिजिट फुकट ठेवली असेल तर या अर्ध्या तासाचे तुम्हाला शून्य मिळतात आणि नवा पंप बसवला असता तर शे-दीडशे सुटले असते. दिवसातून चारदा ही परीक्षा कोण देणार? एखाद्या दिवशी हात आपोआप नव्या पंपाकडे जातो. म्हणून व्हिजिट घ्याच, आणि ती फोनवरच सांगा. दारात पोचल्यावर सांगितली की वाद होतो.

आता सूट. महिन्याचे 1,500 रुपये त्यासाठी बाजूला धरा आणि खर्चातच मिळवा. तासाचा भाव 12 रुपयांनी वाढतो, इतकंच. डायरीच्या मागच्या पानावर तारीख आणि रक्कम लिहीत जा. 1,500 संपले की पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं. सूट मजुरीत द्या, पार्टमध्ये कधीच नको; पार्टचे पैसे तुम्ही दुकानदाराला रोख मोजलेले असतात. बिलावर आधी पूर्ण 200 लिहा, खाली 100 कमी करा. नुसते 100 लिहिले तर शेजारचा तोच भाव मागतो, आणि त्याचंही चुकत नाही.

कुणाची ऐपत किती हे विचारत बसू नका, ते दोघांनाही अवघड जातं. त्यापेक्षा नियमच असा ठेवा की पंप किंवा मिक्सर पिशवीत घालून दुकानात आणून दिला तर व्हिजिट नाही, फक्त मजुरी. आठवड्याच्या पगारावर घर चालवणारे आपोआप हाच रस्ता धरतात आणि तुमची चाळीस मिनिटं वाचतात. दुसरं म्हणजे जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की फेब्रुवारीत कूलर सर्व्हिसिंग कमी दरात करा. तेव्हा तुमचा वेळ मोकळा असतो. मे महिन्यात, पारा 43 वर असताना दिलेली सूट दुप्पट महाग पडते, कारण तेव्हा दारात दुसरं काम उभं असतं.

वॉरंटी आणि उपकार यांची गल्लत नको. तुम्ही बसवलेलं पंधरा दिवसांत बिघडलं तर बिनबोभाट फुकट करून द्या; ते कर्तव्य आहे, त्याला सूट म्हणू नका. टाकीत पाणी नसताना पंप चालू राहून कॉइल जळली तर मात्र पैसे घ्या. ही अट बिलावर आधीच छापलेली हवी.

उधारी फक्त मजुरीची, आणि आधीची चुकती झाल्याशिवाय नवीन काम नाही. तगाद्याला फोन करू नका, दहा तारखेला एक मेसेज पुरे: "मालक, फॅनचे 150 बाकी आहेत, सवडीने पाठवा." ज्याला पाठवायचे असतात तो त्याच दिवशी पाठवतो.

दर वाढवायचा तर फेब्रुवारीतच वाढवा आणि दुकानाबाहेर बोर्डावर लिहा. दुकान शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत असेल तर तेलुगूतही लिहून घ्या. दर वाचून आलेला माणूस घासाघीस कमी करतो.