खान्देशात वाइन का नाही झाली आणि मग आमची ताकद नेमकी कशात आहे?

तुम्ही विचारलंय की नाशिक एवढं शेजारी असून जळगाव-धुळ्यात वाइनचा धंदा का उभा राहिला नाही, पाणी आणि नेटवर्कच्या बाबतीत खान्देशाकडे दाखवण्यासारखं काय आहे, आणि बघायचं तर कुठे जायचं. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातला केळीवाला, आजोळ धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलेलं सांगतो.

वाइनचं आधी सांगून टाकतो, ते लवकर संपतं. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, जळगाव २०० च्या आसपास. वाइनच्या द्राक्षाला रात्री थंड लागतात म्हणजे आंबटपणा टिकतो, आमच्या तापीच्या पट्ट्यात साखर भराभर चढते आणि आंबटपणा पळतो, मग त्या रसाची वाइन चांगली होत नाही. वर बागलाणकडे अर्ली, म्हणजे हंगामाआधीचं द्राक्ष छान येतं पण ते खायचं द्राक्ष. २००१ ला सरकारने वाइनचं धोरण आणलं त्याचा फायदा नाशिकने उचलला आणि ते बरोबरच झालं, जमीन-हवा त्यांची होती. आमच्या हवेला केळी मानवली, २०१६ ला जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं.

पण मे महिन्यात ४५ डिग्रीत केळी उभी ठेवणं म्हणजे काय ते शेतात आल्याशिवाय कळत नाही. बागेच्या कडेने शेवरी नाहीतर गजराज गवत लावावं लागतं, नाहीतर गरम वारा पानं फाडून ठेवतो. एका झाडाला त्या दिवसात रोजचं वीसेक लिटर पाणी लागतं, आता एकरी बाराशे-पंधराशे झाडं धरा आणि हिशोब करा. हे पाटाने देणं शक्यच नव्हतं. ठिबक आलं म्हणून बाग वाचली, आणि ठिबक आमच्याकडे घरोघरी पोचलं याचं मोठं श्रेय जळगावच्या जैन इरिगेशनवाल्या भवरलाल जैनांना आहे, नंतर टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली एकसारखी रोपं आली आणि अख्खी बाग एकदम निसवायला, म्हणजे घड टाकायला लागली. लोकांना वाटतं ठिबक म्हणजे नळी टाकली की झालं. मी रोज सकाळी सरीतून चालतो ते खोडाशी ओला गोल पडलाय का एवढंच बघायला, कुठे खारीने लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी कुरतडलेली असते, कुठे थेंब सोडणारा ड्रिपर क्षाराने बुजलेला, आणि दोन दिवस लक्ष गेलं नाही की तेवढ्या झाडांचा घड बारीक निघतो.

तरी मला विचाराल तर खान्देशची खरी श्रीमंती ठिबक नाही, फड आहे. पांझरा, मोसम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून छोटे बंधारे बांधून पाटाने पाणी घ्यायची पद्धत. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीला थळ म्हणतात, थळाचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पुढच्या वर्षी ते पीक दुसऱ्या फडात न्यायचं. पाणी कोणी स्वतःच्या शेतात स्वतः घ्यायचं नाही, ते बारेकरी देणार, पाटावर पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला सगळे मिळून धान्यात देणार. माझ्या आजोबांची जमीन प्रत्येक फडात एक-एक पट्टी अशी तुकड्यातुकड्यात होती. लहानपणी मी विचारलं, आबा सगळी एका जागी का नाही घेतली? ते म्हणाले, "एका जागी राहिली असती तर दुष्काळात एक तरला असता अन् दुसरा मेला असता. आता पाणी कमी आलं तर एक फड पडीत पडतो, त्यात सगळ्यांची पट्टी असते." मी तेव्हा सहावीत होतो, पाणीवाटपावर याच्याहून चांगलं काही मी नंतर ऐकलेलं नाही.

वर धरणं झाली, घरोघरी विहिरीवर मोटर आली, ज्याला जे पाहिजे ते पीक घ्यायला लागला आणि बरेच फड मोडले. मला याचं फार वाईट वाटतं. कारण आमच्या यावल-रावेरला आता नेमकं तेच, पाणी मिळून वाटून घेणं नाही, प्रत्येकाचा स्वतःचा बोअर आणि प्रत्येकजण शेजाऱ्यापेक्षा खोल जातोय. आमच्या विहिरीला माझ्या लहानपणी सत्तर फुटांवर पाणी होतं, आता बोअर चारशेच्या खाली आहे. ठिबकने झाडाचं पाणी वाचलं पण वाचलेल्या पाण्यावर आम्ही अजून केळी लावली, मग जमिनीतलं पाणी वाढणार कुठून? शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी २००४ च्या सुमारास नाले रुंद-खोल करून ओळीने सिमेंट बंधारे बांधले, पाणी अडवणारा वरचा पिवळ्या मातीचा थर काढून खालच्या वाळूपर्यंत पाणी मुरवलं, तिथे विहिरी खरंच वर आल्या. पण ते तिथला भूगर्भ बघून केलेलं काम आहे, नुसती जेसीबी लावून कुठेही नाला खोदला तर तसं होत नाही.

नेटवर्कचं म्हणाल तर रस्ते-रेल्वे आमच्याकडे आधीपासून भक्कम, भुसावळ जंक्शन आहे आणि धुळ्याला मुंबई-आग्रा अन् सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे एकमेकाला छेदतात. मोबाइलने शेतीत मोठा फरक पडला, लाइट रात्रीची असते तेव्हा मोटरच्या स्टार्टरला घरून फोन लावला की ती चालू होते, पूर्वी वडील दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे आणि आई ते परत येईपर्यंत जागी असायची. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर बाजाराचा केळीचा भाव पण दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर येतो, व्यापारी बांधावर येऊन काहीही सांगू शकत नाही. पण हे सपाटीवरचं झालं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आणि त्याच जिल्ह्यात धडगावकडच्या पाड्यांवर माझा एक शिक्षक मित्र शाळेची माहिती भरायला अजून टेकडीवर चढतो.

बघायला यायचं तर हिवाळ्यात या, गहू-हरभरा उभा असताना. सुरुवात साक्री तालुक्यात पांझरेच्या काठावरून करा, जे थोडे फड अजून चालू आहेत तिथे आधी बारेकऱ्याला गाठा आणि पाण्याची एक पाळी त्याच्यासोबत पाटावरून चाला. तिथूनच पुढे बारीपाडा आहे, चैत्राम पवारांचं गाव, त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, जंगल राखलं की पाणी कसं राहतं ते तिथे दिसेल. मग शिरपूर करून आमच्याकडे या, सकाळी सहाला या म्हणजे लॅटरल बघत सोबतच फिरू.